शून्य प्रदूषणाचा पत्ता: दुर्गापूर, चंद्रपूर

बॅटरीवर चालणाऱ्या ब्रश कटरच्या जाहिराती मी गेले वर्षभर बघतोय. मोबाइलवर एक उघडली की महिनाभर पाठ सोडत नाहीत. सगळ्यांचा मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच. शून्य प्रदूषण, आवाज नाही, पेट्रोलची कटकट नाही, एका चार्जिंगमध्ये तासभर काम, खर्च नावाला. चित्रही ठरलेलं: बंगला, हिरवंगार लॉन, पांढरे बूट घातलेला हसरा माणूस. पेट्रोल मशीनवाल्यांच्या जाहिरातींचा थाट वेगळा. दणदणीत ५२ सीसी, कितीही रान माजलेलं असो, न थांबता दिवसभर.

मी चंद्रपूरचा. शिक्षणाने इंजिनिअर, पोटापाण्यासाठी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. माझे मामा सिंदेवाही तालुक्यात धान लावतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनी फोनवर विचारलं, "बाबू, तू इंजिनिअर हायस ना? मग सांग, पेट्रोलचं घेऊ का बॅटरीचं?" एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर एकाही जाहिरातीत मिळालं नाही. म्हणून स्वतः हिशेब मांडला, आणि तो मांडताना जे दिसलं त्याने डोकं तापलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या जाहिरातींतली बहुतेक वाक्यं खोटी नसतात, अर्धी असतात. आणि कापून टाकलेला अर्धा भाग आमच्या जिल्ह्यात येऊन पडतो. तरीही नीट हिशेब केला तर बॅटरीचं मशीन जिंकतं. पण जाहिरात सांगते त्या कारणांनी जिंकत नाही, आणि जाहिरातीतल्या त्या पांढऱ्या बुटांच्या माणसासाठी तर नाहीच.

आमच्याकडे लॉन नसतं, गवत असतं

आधी गवताबद्दल. चंद्रपूर-गडचिरोलीत गवत कापणं ही शोभेची गोष्ट नाही. धानाच्या बांधीचे धुरे साफ करायचे असतात, बोडीची पाळ मोकळी ठेवायची असते, पावसाळ्यात घरामागे कमरेएवढं वाढलेलं रान काढायचं असतं. सापासाठी, डासांसाठी, आणि सरळच सांगायचं तर वाघ-बिबट्यासाठी. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर औष्णिक विद्युत केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारलं आणि त्यापाठोपाठ शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला. त्यानंतर पहिली मागणी झाली ती वस्तीलगतची झुडपं आणि गवत साफ करण्याची.

दुर्गापूर हे नाव लक्षात ठेवा. तिथे गवत कापणं हा जिवाचा प्रश्न आहे, आणि तिथेच ती वीजही बनते जिच्या जोरावर 'शून्य प्रदूषण' असं छापलं जातं.

शून्य, पण कुणाच्या नाकापाशी?

चंद्रपूर औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. महानिर्मितीचं हे सर्वांत मोठं केंद्र. कोळसा आजूबाजूच्या खाणींतून येतो, पाणी इरई धरणातून, आणि वीज राज्यभर जाते. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये, ठाण्याच्या मॉलमध्ये, आणि ज्या स्टुडिओत ती लॉनची जाहिरात शूट झाली त्या स्टुडिओतही. विजेवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. ग्रिडमध्ये सगळी एकत्र होते. धुराचं तसं होत नाही. धूर जिथे निघतो तिथल्या आणि वाऱ्याच्या वाटेवरच्या लोकांच्या वाट्याला येतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा नंबर. गुणपत्रिकेतल्या या चौथ्या नंबरावर पेढे वाटता येत नाहीत. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, तेव्हा हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांच्या यादीतही चंद्रपूर होतंच. धुराड्यांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घालणारा नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये केला, मुदत दिली दोन वर्षांची. मग ती वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना तो वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली.

हे सगळं त्या जाहिरातीत एका शब्दात मावतं: शून्य. खरं वाक्य असं हवं होतं: 'हे मशीन चालवताना तुमच्या नाकापाशी धूर निघत नाही, तो दुसरीकडे, दुसऱ्यांच्या नाकापाशी निघतो.' पहिला अर्धा ठेवला, दुसरा कापला. इलेक्ट्रिक स्कूटर, इलेक्ट्रिक कार, इलेक्ट्रिक शेगडी, सगळीकडे हीच कात्री चालते.

आणि आता व्हॉट्सअॅपवाले काका

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील. "बघा, मी सांगत नव्हतो? वीज कोळशाचीच, म्हणजे इलेक्ट्रिक हे सगळं थोतांड. पेट्रोलच बरं." हा फॉरवर्ड मला आठवड्यातून एकदा तरी येतो. पाठवणारे बहुतेक चंद्रपूरच्या बाहेरचे असतात, आणि आमच्या धुराची आठवण त्यांना फक्त पेट्रोलची बाजू मांडतानाच होते.

तर हिशेब करू. आकडे मी बॅटरीच्या विरोधात झुकतील असे घेतोय, म्हणजे नंतर तक्रार नको.

धुऱ्यावर चालणारं टू-स्ट्रोक मशीन तासाला साधारण ०.७ लिटर पेट्रोल पितं असं धरू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे तासाला १.६ किलो.

तेच काम करायला बॅटरी मशीनची मोटर सरासरी ६०० वॅट खेचते असं धरू. तासाला ०.६ युनिट. चार्जरमधली गळती धरून भिंतीतल्या सॉकेटमधून ०.७ युनिट. केंद्रापासून सॉकेटपर्यंत तारांमधली गळती धरली तर वीज केंद्रात बनवावे लागतात ०.८५ युनिट. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तासाला सुमारे ०.६ किलो. आणि सगळीच्या सगळी वीज कोळशाची आहे, युनिटला पूर्ण एक किलो निघतोय, असं धरलं तरी ०.८५ किलो.

१.६ विरुद्ध ०.८५. सगळ्यात वाईट गृहीत धरूनही बॅटरीचं मशीन जवळपास निम्म्यावर. कारण साधं आहे: एवढंसं इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम आठवा-दहावा भाग पात्यापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. अवाढव्य औष्णिक केंद्र तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज काढतं.

हा झाला फक्त कार्बन डायऑक्साइड. टू-स्ट्रोकचा खरा गुन्हा वेगळाच आहे. त्यात ताजं मिश्रण आत येतं आणि जळकं बाहेर जातं ते एकाच वेळी, त्यामुळे काही मिश्रण न जळताच बाहेर पडतं. जुन्या बनावटीच्या इंजिनात पाव भाग, कधी त्याहूनही जास्त. वर त्यात ऑइल मिसळलेलं. हा निळसर धूर शंभर मीटर उंच चिमणीतून निघत नाही. तो चालवणाऱ्याच्या पाठीशी निघतो, तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यातून आत जातो. रोजंदारीवर दिवसभर मशीन चालवणाऱ्या पोराला ग्रिडची सरासरी सांगून उपयोग नाही. त्याच्या छातीपुरतं बॅटरीचं मशीन खरोखर शून्याच्या जवळ आहे.

म्हणजे 'शून्य' हा दावा खोटा, आणि 'दोन्ही सारखेच' हा दावा त्याहून खोटा. चंद्रपूरकराने पहिल्यावर चिडावं. दुसऱ्यावर जास्त चिडावं, कारण तो आमचंच नाव पुढे करून केला जातो.

अर्धी वाक्यं सगळ्या देशांत पिकतात

पेट्रोलवाल्यांना मी सोडतोय असं समजू नका. अमेरिकेत गवत कापायच्या मशीनचा धंदा प्रचंड आहे, आणि तिथे इंजिनांच्या हॉर्सपॉवरवरून २००४ पासून खटले चालले. आरोप असा की एकच इंजिन वेगवेगळ्या हॉर्सपॉवरचं लेबल लावून वेगवेगळ्या किमतीला विकलं जातंय, आणि डब्यावरचा आकडा प्रत्यक्षात मिळतच नाही. इंजिन बनवणाऱ्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनसह अनेक नामांकित कंपन्या त्यात होत्या. चूक कुणी कबूल केली नाही, पण २०१० मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या तडजोडीवर प्रकरण मिटलं. गिऱ्हाइकाला काय मिळालं? हाताने ढकलायच्या मशीनमागे ३५ डॉलरपर्यंत. तेव्हा '५२ सीसी, दणदणीत पॉवर' वाचताना एवढं ध्यानात ठेवा: सीसी हे सिलिंडरचं आकारमान आहे, ताकद नाही. मोठा हंडा म्हणजे जास्त भात शिजलाच असं नसतं.

उलट बाजूचं उदाहरणही अमेरिकेचंच. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून अशी नवी छोटी पेट्रोल इंजिनं विकण्यावर बंदी आणली. त्यावेळी तिथल्या हवा मंडळाची एक तुलना जगभर फिरली: लॉन मोवर तासभर चालवणं म्हणजे कार सुमारे ४८० किलोमीटर चालवणं. बॅटरीवाले हे वाक्य आजही आनंदाने वापरतात. मूळ वाक्यात 'स्मॉग तयार करणारं प्रदूषण' असे शब्द आहेत. म्हणजे तुलना न जळालेल्या इंधनाची आणि त्यासारख्या वायूंची आहे, कार्बन डायऑक्साइडची नाही. तीन शब्द गळले की वाक्याचा अर्थ बदलतो. आणि गळतात ते नेहमी सोयीचेच शब्द.

व्होल्ट, तास आणि कागद

आता बॅटरीच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं ते बघू. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या मशीनवर मोठ्या अक्षरांत '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ', कधी त्याहून मोठा आकडा असतो. 'व्ही' दिसला की आपण व्होल्ट समजतो. शेजारचं 'एफ' कशाला आहे हे कुणी विचारत नाही. अशी बॅटरी उघडली तर बहुतेक वेळा आत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. लिथियम सेलचा सर्वसाधारण व्होल्टेज ३.६. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. संपला विषय. नावाजलेल्या कंपन्याही '२० व्होल्ट मॅक्स' लिहितात तेव्हा तोच १८ व्होल्टचा पाच सेलचा संच असतो. नुकती चार्ज झालेली असताना मोजलं की २० भरतं. पोट भरल्यावर वजन केल्यासारखं.

बघायचा आकडा एकच: वॅट-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. पाण्याच्या टाकीला लिटर, तसं बॅटरीला वॅट-अवर. ३६ व्होल्ट, साडेपाच अँपिअर-अवरची बरी बॅटरी घेतली तर जवळपास २०० वॅट-अवर होतात. मोटर ६०० वॅट खेचत असेल तर २०० भागिले ६००, म्हणजे २० मिनिटं. जाहिरातीतला तास कुठून आला? मशीन मोकळं फिरवून, किंवा त्या बंगल्यातलं बोटभर गवत कापून. पावसाने लवलेलं, मुळाशी जाड झालेलं धुऱ्यावरचं गवत त्या चाचणीला बोलावलेलं नसतं. मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तो कागदावरचा तास हाय बाबू, धुऱ्यावरचा नोहोय." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

आणि ती 'व्हीएफ'वाली? १८ व्होल्ट, तीन अँपिअर-अवर, ५४ वॅट-अवर. ६०० वॅटच्या दराने पाच-सहा मिनिटं. अर्थात त्या मशीनला ६०० वॅट खेचताच येत नाहीत. म्हणून ते जास्त वेळ चालतं, आणि कमी कापतं.

पैसे वाचतात, पण कुणाचे?

मामांचं काम वर्षाला साधारण ६० तासांचं. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं तर तासाला ऑइलसकट ८० रुपये. वीज युनिटला १० रुपये धरली तर तासाला ७ रुपये. तासामागे ७३ रुपये वाचले. इथवर जाहिरात खरी.

पण तासभर सलग काम करायचं तर वर हिशेब केलेल्या तीन बॅटऱ्या लागतील. एक सहा हजारांची धरू. तीन मिळून १८,००० रुपये. ते ७३ रुपयांनी वसूल व्हायला जवळपास २५० तास लागतात, म्हणजे मामांना चार वर्षं. तोवर बॅटऱ्या जिवंत राहतील? सावलीत, नीट ठेवल्या तर राहाव्यात. पण बहुतेक बॅटऱ्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की ४०-४५ अंशांपुढे चार्ज करू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना ४६-४७ अंशांचा. टिनाच्या छपराखाली किती होत असेल ते तुम्हीच विचार करा. उन्हाळ्यात आमच्याकडे लिथियमलाही माणसासारखीच सावली आणि गारवा लागतो, आणि जाहिरातीत ऋतू एकच असतो.

त्यात दुरुस्ती. पेट्रोल मशीनचा कार्ब्युरेटर खोलणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी मिळतो. बॅटरीचं सर्किट बंद पडलं तर नागपूर गाठा, किंवा नवी घ्या. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं हा एक गट आहे. पोर्टलवर सुटा सेल मिळत नाही. पेट्रोलवाल्यांनीही फार हसू नये. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि छोट्या इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका असं लिहिलेलं असतं. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेलं असं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं. 'कटकट नाही' हे दोघांनीही म्हणू नये.

आता तोच हिशेब पांढऱ्या बुटांच्या माणसाला लावा. त्याचं लॉन वर्षाला दहा तासांचं. पैसे वसूल व्हायला २५ वर्षं. आणि पर्यावरण? बॅटरी बनवतानाही कार्बन निघतो. एक युनिट साठवणाऱ्या बॅटरीमागे १०० किलोपर्यंत धरा. तीन बॅटऱ्यांचे ६० किलो. तासाला पाऊण ते एक किलो वाचतो, म्हणजे बनवतानाचा धूर फिटायला ६० ते ८० तास. मामांचे ते वर्ष-सव्वा वर्षात फिटतात. लॉनवाल्याला सहा ते आठ वर्षं लागतात, आणि तोवर बॅटरी वयानेच म्हातारी झालेली असते. ज्याला या मशीनचा खरा उपयोग, तो जाहिरातीत नाही. जो जाहिरातीत आहे, त्याने आठवड्यातून एकदा हाताने ढकलायचं साधं मशीन वापरलं तर पैसे, धूर आणि पोट तिन्ही कमी होतील.

आवाज नाही, ही कुणाची सोय?

शेवटचा दावा आवाजाचा. पेट्रोल ब्रश कटरचा आवाज कानाशी १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एवढ्या आवाजात दिवसाला फक्त १५ मिनिटं राहावं. आमच्याकडे पोरं कानात काही न घालता आठ तास राहतात. बॅटरी मशीन पुष्कळ कमी आवाज करतं, आणि कानांसाठी हे खरोखर मोठं काम आहे.

जाहिरात मात्र वेगळं सांगते: शेजाऱ्यांची झोपमोड नाही. जंगलालगतच्या धुऱ्यावर शेजारी कोण, हे जाहिरात लिहिणाऱ्याला माहीत नसतं. गावात विचारा, दोन मतं मिळतील. एक म्हणेल, मशीनचा दणका असलेला बरा, जनावराला माणूस आहे हे लांबूनच कळतं. दुसरा म्हणेल, त्या दणक्यात माकडाचा खोंकारा आणि चितळाची हाक ऐकू येत नाही, आणि वाघ जवळ आहे हे सांगणारे तेच. मला दुसऱ्याचं पटतं. पण कुठलंही मशीन वाघाला लांब ठेवायची हमी देत नाही, म्हणून एकट्याने कापू नये, पाठीमागे एक माणूस राखणीला असावा. आवाजाचा प्रश्न आमच्याकडे एवढा गंभीर आहे, आणि जाहिरातीत तो रविवारच्या झोपेचा आहे.

मग काय मागायचं?

'एवढं कोण बघतं, जाहिरात ती जाहिरात' असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हा त्या व्याख्येचाच भाग आहे. दंड दहा लाखांपर्यंत. जाहिरात क्षेत्राच्याच एएससीआय या संस्थेचे फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेले नियम सांगतात की पर्यावरणाचा दावा वस्तूच्या संपूर्ण आयुष्याला धरून करावा, नाहीतर तसं स्पष्ट लिहावं. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असले मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत, आणि पुरावा क्यूआर कोडमधून दिला तरी चालेल. म्हणजे जागा नाही ही सबबही गेली. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

तेव्हा मशीन घ्यायला गेलात तर चार गोष्टी विचारा. बॅटरी किती वॅट-अवर? उंच, ओल्या गवतात किती मिनिटं? सुटी बॅटरी केवढ्याला, आणि किती वर्षं मिळत राहील? किती अंशांपर्यंत चार्ज करायची? पेट्रोलचं घेत असाल तर: तासाला किती पेट्रोल, आणि इथेनॉल किती चालतं? दुकानदाराला उत्तर येत नसेल तर पुढच्या दुकानात जा. मी मामांना सांगितलंय: पेट्रोलचं नको. बॅटरीचं घ्या, पण बाजूच्या दोन शेतकऱ्यांबरोबर मिळून घ्या. तिघांचे मिळून वर्षाला १८० तास झाले की १८,००० रुपये दीड वर्षात निघतात.

कंपन्यांना सांगायचं आहे ते एवढंच: 'शून्य' हा शब्द खोडा. त्याजागी युनिटमागे किती ग्रॅम, ते लिहा. 'पेट्रोलपेक्षा निम्मा' हा दावा खरा आहे, चांगला आहे, आणि तो करायला लाज वाटायचं कारण नाही. निम्मा म्हटलं की उरलेला निम्मा कुठे जातो हा प्रश्न येतो, आणि शून्य म्हटलं की येत नाही. आम्हाला तो प्रश्न यायला हवा आहे. कारण जोवर देशभर लोक समजतात की प्लग लावला की धूर संपला, तोवर दुर्गापूरच्या धुराड्यांवर ती यंत्रणा बसवा, ही मागणी फक्त चंद्रपूरकरांची राहील. ती पुण्यातल्या आणि ठाण्यातल्या, बॅटरीची स्कूटर चालवणाऱ्या प्रत्येकाची असायला हवी. वीज त्यांचीही आहे.